प्रीमियर पद्मिनीच्या मागील सस्पेन्शनचे बुश

मागील सस्पेन्शनचे बुश म्हणजे मोटारीचा मागचा ॲक्सल आणि तिचा सांगाडा यांना जोडणाऱ्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्या होत. प्रीमियर पद्मिनी व तिच्या पूर्वीच्या फियाट ११०० या गाड्यांत हे बुश मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांना असतात. रस्त्याचे धक्के शोषणे, धातूवर धातू घासू न देणे आणि ॲक्सलला आपल्या जागी धरून ठेवणे ही त्यांची तीन मुख्य कामे आहेत. आकाराने लहान आणि किमतीने सामान्य असा हा भाग झिजला, तर गाडीचा सरळ चालण्याचा गुण जातो आणि कालांतराने सांगाड्यावरील आधारांनाही इजा होते. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या जतनात बुश बदलण्याच्या कामाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी वालचंद उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईच्या उपनगरांतील कुर्ला येथे होता. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारानंतर १९५० च्या दशकात तेथे फियाट ११०० या मालिकेतील गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट ही गाडी १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. इंजिन पुढे आणि चालक चाके मागे, अशी तिची मांडणी होती.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे रस्त्यावर राहिली. टॅक्सींसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची व २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. या मर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. आज उरलेल्या पद्मिनी प्रामुख्याने खाजगी मालकीच्या असून त्या हौसेने जपल्या जातात. टॅक्सीच्या काळात या गाडीची दुरुस्ती करणारे कारागीर शहरात सर्वत्र होते. आता ती संख्या घटत असल्याने हे ज्ञान लेखी स्वरूपात राहणे आवश्यक ठरते.

रचना आणि कार्य

पद्मिनीच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आणि गुंडाळी स्प्रिंगांचे आहे. मागे मात्र एकसंध ॲक्सल असून तो गाडीच्या लांबीला समांतर अशा दोन पाट्यांवर तोललेला असतो. कमी-अधिक लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून पाटा तयार होतो. त्याचा आकार धनुष्यासारखा बाकदार असल्याने त्याला ‘कमान’ असेही म्हणतात. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके वळवून गोल भोके केलेली असतात. या भोकांना ‘डोळा’ म्हणतात. बुश या डोळ्यांत बसतो.

पाट्याचा पुढचा डोळा सांगाड्यावरील आधारात एका बोल्टने थेट जोडलेला असतो. मागचा डोळा मात्र ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या दुव्याने जोडतात. त्याचे कारण पाट्याच्या बाकात आहे. गाडी खड्ड्यातून जाताना किंवा तिच्यावर वजन पडल्यावर पाटा सपाट होऊ लागतो आणि दोन डोळ्यांमधील अंतर वाढते. दोन्ही टोके घट्ट बांधली, तर पाट्याला सपाट होण्यास वावच उरणार नाही. शॅकल मागे-पुढे झुलून हा वाव देतो. पुढचा डोळा स्थिर असल्यामुळे ॲक्सलची गाडीतील जागा मुख्यतः तोच ठरवतो. इंजिनाचा रेटा आणि ब्रेकचा ओढा हेही याच सांध्यातून सांगाड्यापर्यंत पोहोचतात. पुढच्या डोळ्याचा बुश झिजणे अधिक गंभीर मानले जाते, ते यामुळेच.

बुशचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात आतली आणि बाहेरची अशा दोन धातूच्या नळ्या असून त्यांच्यामध्ये रबर घट्ट धरलेले किंवा चिकटवलेले असते. त्याला ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात. हे मुळात एक व्यापारी नाव होते. पुढे ते सामान्यनाम बनले. दुसऱ्या प्रकारात रबराचे दोन अर्धे भाग डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवतात. शॅकलच्या बाजूला हा प्रकार अनेक गाड्यांत आढळतो.

सायलेंट ब्लॉकचे कार्य समजून घेणे बुश बदलण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बोल्ट आवळल्यावर आतली नळी आधाराच्या दोन कानांमध्ये घट्ट धरली जाते व फिरू शकत नाही. बाहेरची नळी डोळ्यात दाबून बसवलेली असल्याने तीही फिरत नाही. पाटा वर-खाली होताना होणारी सर्व हालचाल केवळ मधल्या रबराच्या पिळण्याने होते. या सांध्यात घासणारा पृष्ठभागच नसतो, म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस लागत नाही.

बुश झिजण्याची कारणे

रबर हा पदार्थ वापरानेच नव्हे तर वयानेही खराब होतो. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि ते कडक होत जाते. त्यामुळे सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे बुशही, ती फारशी न चालता, निकामी झालेले असू शकतात.

खनिज तेल हा नैसर्गिक रबराचा दुसरा शत्रू आहे. डिफरन्शियलच्या किंवा ॲक्सलच्या टोकाच्या सीलमधून तेल झिरपून बुशपर्यंत पोहोचले, तर रबर फुगते, मऊ पडते आणि सुटते. अशा वेळी गळती न थांबवता नुसता बुश बदलल्यास नवा बुशही लवकर खराब होतो.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती या दोन कारणांत भर घालते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गाडीच्या तळाशी सतत पाणी व चिखल लागतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेमुळे बोल्ट आणि बुशची आतली नळी एकमेकांत गंजून बसतात. खड्डे, गतिरोधक आणि दर काही मीटरला थांबत-सुटत चालणारी वाहतूक यांमुळे सांध्यांवर उलटसुलट ताण येतो. टपावर कॅरियर बसवून सामान वाहिलेल्या किंवा अधिक वजनासाठी जादा पट्टी घातलेल्या गाडीत हा ताण आणखी वाढतो.

लक्षणे आणि परीक्षण

बुश झिजल्याची सामान्य लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

• गतिरोधकावरून जाताना मागून ‘खट्’ असा एकेरी आवाज येणे.
• क्लच सोडताना किंवा ब्रेक दाबताना मागच्या बाजूला हिसका जाणवणे.
• सरळ रस्त्यावर गाडीचा मागचा भाग भरकटणे आणि स्टिअरिंग वारंवार सावरावे लागणे.
• मागचे टायर एका बाजूने अधिक झिजणे.
• गाडी मागून पाहिली असता एका बाजूला कललेली किंवा मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत नसलेली दिसणे.

यांपैकी काही लक्षणे इतर दोषांमुळेही दिसतात. शॉक ॲब्झॉर्बरच्या टोकांचे रबर झिजले तरी खडखड होते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला तर क्लच सोडताना आवाज येतो. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल झाले तरी ॲक्सल सरकतो. म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वी परीक्षण करणे इष्ट असते.

परीक्षणासाठी गाडी सपाट जागेवर उभी करतात. सांध्याच्या जवळ पहार किंवा टॉमी टेकवून पाट्याचा डोळा हलवून पाहतात. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. झिजलेल्या बुशमध्ये डोळा मोकळा हलतो किंवा धातूचा आवाज येतो. आतली नळी डोळ्याच्या मध्यभागी आहे की एका बाजूला बसली आहे, हेही पाहतात. दोन्ही बाजूंच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधील अंतर फितीने मोजणे ही आणखी एक साधी चाचणी आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून घेतलेल्या या दोन मापांत ठळक फरक आढळला, तर ॲक्सल एका बाजूला सरकला आहे असे समजते.

सर्वांत महत्त्वाची पाहणी मात्र बुशची नसून आधाराची आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचे शरीर आणि सांगाडा एकच आहे. पाट्याचे आधार तळाच्या पत्र्याच्या मजबूत केलेल्या भागावर जोडलेले असतात. हा पत्रा गंजून पोकळ झाला असेल, तर नवा बुश बसवून उपयोग होत नाही. आधाराभोवती हातोडीच्या दांड्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहतात. पत्रा बसका आवाज देत असेल, पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत शिरत असेल, तर आधी पत्र्याचे वेल्डिंग करून घ्यावे लागते. पूर्ण गंजलेला आधार धावत्या गाडीत सुटला तर ॲक्सल वाकडा होऊन गाडी ताब्याबाहेर जाऊ शकते.

बदलण्याची पद्धत

पूर्वतयारी

काम सुरू करण्याच्या काही दिवस आधीपासून सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल टाकतात. हे तेल फक्त आट्यांवर राहील आणि जे रबर पुन्हा वापरायचे आहे त्यावर पडणार नाही, याची काळजी घेतात.

गाडी उचलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या गाडीचा हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि गिअरचा अटकावही मागच्याच चाकांना होतो. मागची चाके जमिनीवरून उचलली की हे दोन्ही अटकाव निरुपयोगी ठरतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावणे अनिवार्य आहे. उताराच्या जागी हे काम करत नाहीत.

गाडीचे वजन पाट्याच्या पुढच्या आधारापुढील मजबूत भागाखाली ठेवलेल्या दोन पोलादी स्टँडवर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘घोडीवर’, घेतात. ॲक्सल स्वतंत्र जॅकवर तोलतात. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. विटा व पोकळ काँक्रीटचे ठोकळे अचानक फुटतात, म्हणून तेही वापरत नाहीत.

पाटा सोडवणे

एका वेळी एकाच बाजूचे काम करतात. दुसरी बाजू जोडलेली राहिल्याने ॲक्सल जागेवर राहतो आणि जोडणीचा नमुनाही समोर असतो. चाक काढल्यावर शॉक ॲब्झॉर्बरचे खालचे टोक सोडवतात. त्यानंतर जॅकने ॲक्सल इतकाच खाली घेतात की पाट्यावरचा ताण जाईल. ॲक्सलचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा हातब्रेकच्या तारेवर येता कामा नये.

यू-बोल्टांचे नट सोडवून खालची पट्टी काढतात. मग शॅकलचे नट आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढतात. पाट्यावर ताण असताना हे बोल्ट ठोकून काढल्यास पाटा उसळून इजा होण्याची शक्यता असते. बोल्ट आतल्या नळीत गंजून बसला असेल, तर तो आधाराला इजा न करता करवतीने कापून नवा वापरणे श्रेयस्कर ठरते.

जुना बुश काढणे

मोकळा केलेला पाटा शेगड्यात धरतात. डोळ्याच्या भोकात सहज जाईल असे नळीचे तुकडे किंवा गोटी पान्याची गोटी एका बाजूला आणि डोळ्यापेक्षा मोठ्या व्यासाची नळी दुसऱ्या बाजूला ठेवून शेगडा आवळला, की जुना बुश मोठ्या नळीत सरकतो. शेगडा पुरेसा नसल्यास हायड्रॉलिक प्रेस वापरतात. रबर जाळून बुश काढण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. परंतु त्यातून विषारी धूर निघतो आणि पाट्याच्या पोलादाला दिलेले पाणीही उतरू शकते. त्याऐवजी रबर ड्रिलने मोकळे करून बाहेरची नळी करवतीच्या पात्याने आतून कापावी. कापताना डोळ्याच्या पोलादाला खाच पडू देऊ नये, कारण पुढे तेथूनच पट्टी तडकते.

नवा बुश बसवणे

डोळा आतून स्वच्छ करून गंज व खडबडीतपणा घालवतात. नव्या बुशची लांबी व बाहेरचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून जुन्याशी ताडून पाहतात. बुश सरळ रेषेत आणि फक्त बाहेरच्या नळीवर दाब देऊन आत बसवतात. आतल्या नळीवर ठोकल्यास रबर फाटते. दोन भागांच्या रबरी बुशला सरकवण्यासाठी साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन वापरतात. इंजिन ऑइल व साधे ग्रीस वर्ज्य आहे.

जोडणी आणि शेवटची आवळणी

पाटा जागेवर नेताना त्याच्या मधल्या बोल्टचे डोके ॲक्सलवरील बैठकीच्या भोकात नीट बसले पाहिजे. ॲक्सलची जागा याच डोक्यावर ठरते. यू-बोल्ट शक्यतो नवे घेतात व कर्णरेषेत, थोडे थोडे आवळतात. डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे नट या टप्प्यावर फक्त हाताने लावतात.

आता चाके बसवून गाडी जमिनीवर उतरवतात, ती मागे-पुढे ढकलून आणि मागून दाबून पाटे आपल्या नेहमीच्या उंचीवर येऊ देतात. त्यानंतरच डोळ्याचा बोल्ट व शॅकल पूर्ण आवळतात. संपूर्ण कामातील हीच पायरी सर्वाधिक वेळा चुकते. ॲक्सल हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या अवस्थेत जखडले जाते. गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, डोळ्यापासून ॲक्सल ६० सेंटिमीटर अंतरावर आहे आणि गाडी उचलल्यावर तो नेहमीपेक्षा ९ सेंटिमीटर खाली लोंबतो. ९ भागिले ६० म्हणजे ०.१५, हे ज्या कोनाचे साइन मूल्य आहे तो कोन सुमारे ८.६ अंशांचा येतो. पाटा सरळ काठी नसून स्वतः वाकतो, त्यामुळे डोळ्यापाशी प्रत्यक्ष फिरणे याहून अधिक असते. म्हणजे गाडी स्थिर उभी असतानाही रबराला इतका पीळ बसलेला राहील आणि प्रत्येक खड्ड्यात त्यात भर पडेल. असा बुश थोड्याच काळात फाटतो. काही वेळा गाडीची मागची बाजू अकारण उंच राहते.

काही शे किलोमीटर चालल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासतात. यू-बोल्टांची तपासणी विशेष आवश्यक असते, कारण पट्ट्या एकमेकींवर बसल्यावर त्यांचा ताण कमी होतो.

रबर आणि पॉलियुरेथेन

अलीकडे रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश वापरण्याकडे कल आहे. या पदार्थाचा शोध ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. सस्पेन्शनचे रबर शोअर-ए मापावर साधारणपणे ५० ते ७० इतके कठीण असते. पॉलियुरेथेनचे बुश बहुधा ८० ते ९५ च्या दरम्यान असतात. तेलाचा आणि ओझोनचा त्यांच्यावर कमी परिणाम होतो. ॲक्सल अधिक घट्ट धरला जातो, त्यामुळे वळणावर गाडी नेमकी वाटते.

त्यांच्या मर्यादाही आहेत. कठीण बुश रस्त्याची थरथर आणि आवाज सांगाड्यात अधिक पोहोचवतो. जुन्या पत्र्याच्या, वेगळी चासी नसलेल्या गाडीत हा वाढीव भार आधारांवर पडतो. या बुशची आतली नळी सहसा चिकटवलेली नसून आत फिरते. म्हणून तिला सिलिकॉनवर आधारित खास ग्रीस लागते, अन्यथा कर्कश आवाज येतो. शहरातील सावकाश वापरासाठी व मूळ स्वरूप जपण्यासाठी रबर, तर शर्यतीसारख्या वापरासाठी पॉलियुरेथेन, अशी सर्वसाधारण निवड केली जाते.

इतर अभिजात गाड्यांतील रचना

पद्मिनी ही कौटुंबिक गाडी असली, तरी तिची मागची रचना त्या काळच्या अनेक क्रीडा-मोटारींशी मिळतीजुळती आहे. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या दोन आसनी गाडीतही एकसंध ॲक्सल आणि पाटे आहेत. तिच्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यात दाबून बसवायचा धातू-रबराचा बुश आणि शॅकलला दोन भागांचे रबरी बुश असतात. त्यामुळे वर दिलेली पद्धत थोड्याफार फरकाने तिलाही लागू पडते.

१९६६ मध्ये आलेल्या फियाट १२४ स्पोर्ट स्पायडरमध्ये मागे गुंडाळी स्प्रिंगा आहेत. गुंडाळी स्प्रिंग केवळ वजन पेलते, ॲक्सलला धरून ठेवत नाही. ते काम लांबीच्या दिशेतील दांडे आणि ‘पॅनहार्ड रॉड’ हा आडवा दांडा करतात. या प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना बुश असल्याने बदलायच्या बुशची संख्या वाढते. कुर्ल्यातच १९८५ पासून तयार झालेली प्रीमियर ११८ एनई ही गाडी याच फियाट १२४ च्या कुळातील आहे. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागचे सस्पेन्शन स्वतंत्र असून ते एका वेगळ्या चौकटीत बसवलेले आहे. ती चौकट रबरी आधारांवर टांगलेली असते, त्यामुळे तेथील काम अधिक गुंतागुंतीचे होते. रचना कोणतीही असली, तरी चिकटवलेल्या रबरी बुशची शेवटची आवळणी गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असतानाच करण्याचा नियम सर्वत्र सारखा आहे.

सुटे भाग आणि जतन

पद्मिनीचे सुटे भाग आता कारखान्यातून मिळत नाहीत. जुने व शिल्लक भाग कुर्ला-कलिना भागातील सीएसटी रस्त्यावरील बाजारात शोधले जातात. जुना पण न वापरलेला बुश घेताना रबराचे वय लक्षात घ्यावे लागते. कागदी वेष्टन शाबूत असले, तरी आतले रबर कडक झालेले असू शकते. नखाने दाबल्यावर न दबणारे किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारे रबर घेऊ नये. योग्य माप न मिळाल्यास दुसऱ्या गाडीचा जवळच्या मापाचा बुश घेऊन त्याची बाहेरची नळी लेथवर तासून घेण्याची पद्धत आहे. अशा वेळी बुश डोळ्यात हाताने सहज जाता कामा नये. तो दाबूनच बसला पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून नोंदणी मिळू शकते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. फियाट ११०० डिलाइटच्या गाड्यांनी ही मर्यादा ओलांडली असून पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्याही २०२४ पासून तिच्या कक्षेत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे पाट्याचे आधार वेळीच तपासून मूळ स्थितीत ठेवणे हे सुरक्षिततेप्रमाणेच नोंदणीच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते. आधार गंजून तुटल्यावर करावी लागणारी मोठी कापाकापी योग्य वेळी बदललेल्या चार बुशांमुळे टळू शकते.

हेही पाहा

• प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड
• फियाट ११००
• वालचंद हिराचंद
• मुंबईतील काळी-पिवळी टॅक्सी
• शॉक ॲब्झॉर्बर
• व्हल्कनीकरण